आमच्याकडं टीव्ही बघत नाहीत

मधल्या सुट्टीत डबे उघडले की पहिल्या घासाबरोबर रात्रीची मालिका निघायची. कुणाच्या सुनेनं काय केलं, मेलेला कोण परत आला. मी भाजी पुढं सरकवत ऐकायचो आणि कुणी विचारलं की सांगायचो, "आमच्याकडं टीव्ही बघत नाहीत." कुणी विचारलं नाही तरी सांगायचो, हेही कबूल केलं पाहिजे.

भोकरसारख्या गावात हे वाक्य एकदा बोलून बघा. एक जण हळूच जवळ येऊन म्हणाला, "सर, पगार अडकलाय का?" बाकीच्यांना वाटायचं, मी त्यांनाच बोलायलो. ते लगेच म्हणायचे, "आमी बी लई बघत न्हाई, नुस्त्या बातम्या." इतक्या वर्षांत बातम्यांशिवाय काही बघणारा माणूस मला भेटलेला नाही, मग या मालिका चालतात कुणाच्या जिवावर, देव जाणे. केबलवाला पोरगा वायर काढताना म्हणाला, "पैशाचं असंल तर ऱ्हाऊ द्या गुरुजी, पुढच्या महिन्यात द्या." आणि एका लग्नात पंगतीला बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यानं सरळच विचारलं, "का रं, माळ घातलीस का काय?" मटण सोडावं तसं मी टीव्ही सोडला, असा त्यांचा समज. मलाही तो समज आवडला. हे वाक्य बोलताना माझी मान जराशी ताठ व्हायची.

झालं होतं असं, की 2018 च्या जूनमध्ये लेक दहावीत गेली. आमच्याकडं घरात दहावी आली की केबल जाते, ही रीतच आहे. मी आणि बायकोनं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं. टीव्ही भिंतीकडं तोंड करून ठेवला, वर जुनी चादर टाकली. लेकीला काही वाटलं नाही. तिच्याजवळ तिच्या मायचा मोबाइल होताच. पुढच्या खोलीत बाजेवर माझी माय वाती वळत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरीचं बघा. माझं काय हाय."

इथं थोडं मागं जावं लागंल.

माझे वडील सालगडी होते. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आमच्या खेड्यात टीव्ही फक्त मालकाच्या वाड्यात होता, काळापांढरा. माळवदावर उंच बांबू, त्याला अँटिना. वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि एक जण वर चढून "आता? आता?" असं ओरडायचा. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. रविवारी सकाळी निम्मं गाव ढाळजेत बसायचं. बायका आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन यायच्या. कुणी पडद्याला हळदकुंकू लावायचं. मायनं मला ताकीद दिलेली, "उंबऱ्याच्या आत जाऊ नको. कुणी ऊठ म्हणायच्या आधी उठायचं." मी उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ बसायचो. पुढं बसलेल्यांच्या डोक्यांमधून जेवढा राम दिसंल तेवढा बघायचो.

मायला रविवार नव्हता. ती खुरपायला जायची. सांजच्याला चुलीपुढं भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय झालं रं?" मी सांगायचो. जे डोक्यांआड गेलं ते मनानं जोडायचो. हनुमानाला समुद्र ओलांडायला लावला तेव्हा तिच्या हातातली भाकरी करपली होती. सव्वा वर्षाच्या वर हे चाललं. 'रामायण' तिनं एकदाही पाहिलं नाही.

पुढं मला नोकरी लागली, भोकरला घर झालं. 2001 ला पहिला टीव्ही घेतला तो मायसाठीच. दुकानातून रिक्षात आणताना ती खोकं धरून बसली होती. वडील गेल्यावर तर सकाळी कीर्तन, दुपारी पाककृती आणि सांजच्याला मालिका, असा तिचा दिवस बसला होता. एका मालिकेतल्या सासूला ती आमच्या देखत शिव्या द्यायची. बायको म्हणायची, बरंय, तिकडंच जातंय सगळं.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी जून 2018 मध्ये ते माझ्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीच्या आधी एकदा शिकवणी लवकर सुटली म्हणून मी सातच्या सुमाराला घरी आलो. बाजेवर माय नव्हती. बायको म्हणाली, "शेजारी असतील." शेजारचं कुटुंब भैंसाकडचं, घरात तेलुगू बोलणारं. त्यांचं दार उघडं होतं. आत तेलुगू मालिका लागलेली, घरची सगळी खाली बसलेली, आणि माझी माय उंबऱ्याबाहेर, चपलांजवळ. मांडीवर वातींचा कापूस. त्यांची सून म्हणत होती, "अम्मा, आत या की." माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे, इथंच बरंय. दिसतंय."

मी तसाच मागं फिरलो.

रात्री जेवताना विचारलं, "माय, तुला तेलुगू कळतंय का?" ती म्हणाली, "बोलणं न्हाई कळत. रडणं कळतंय की." थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "तिनं इच्यारलं, तुमच्याकडं टीव्ही न्हाई का म्हणून. मी म्हनलं, हाय, पर आमच्याकडं बघत न्हाईत."

माझंच वाक्य. शाळेत मी ते मिरवत होतो, आणि तिला ते दुसऱ्याच्या दारात, का आलो याचं कारण म्हणून द्यावं लागत होतं.

तेव्हाच केबल जोडायला पाहिजे होती. जोडली नाही. दहावी होती, आणि खरं सांगायचं तर शाळेत एवढं सांगून बसलो होतो.

पुढं 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी वाचली. त्या गावात संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल दीड तासासाठी बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात. साडेआठला परत भोंगा. आमच्या शाळेत त्यावर बरीच चर्चा झाली, भोकरला हे जमंल का म्हणून. सगळे म्हणाले, लोक ऐकायचे नाहीत. मला वेगळंच वाटत होतं. तिथं सगळ्यांचं बंद, म्हणून कुणाला कुणाच्या दारात जाऊन बसावं लागत नाही. आणि दीड तासच. मी वर्षभर बंद केला होता, तो सुद्धा एकट्या बाईचा.

लेकीला दहावीत चांगले मार्क पडले. टीव्ही कुणामुळं बंद होता हे मी पेढे वाटताना सांगितलंच. जून 2019 ला केबल आली. पण माय काही बसंना. सात वाजले की कापूस घेऊन शेजारी. "इथं तुम्ही सगळी आपापल्या फोनात," म्हणाली, "तिथं बोलायला माणसं असत्यात." त्या वर्षात तिनं 'रा' आणि 'पो' म्हणजे ये आणि जा, एवढं तेलुगू उचललं होतं आणि आमच्या मांजरावर ती ते चालवायची.

मग लॉकडाऊन लागलं. शेजारी जाणं बंद. 28 मार्च 2020 ला दूरदर्शननं 'रामायण' परत सुरू केलं. मी टीव्ही लावला, मायला पडद्यासमोर खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही, खाली बसली, पण खोलीच्या मधोमध. मी तिच्या बाजूला. रोज सकाळ-रात्र आम्ही दोघं बसायचो. ती पडद्यापेक्षा माझ्याकडंच जास्त बघते आहे असं मला दोन-तीनदा वाटलं.

हनुमान समुद्रावरून निघाला त्या दिवशी तिनं वाती बाजूला ठेवल्या. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "तू सांगितलं व्हतंस तव्हा समुद्र लई मोठा व्हता."