बॉल पायथनचा उपास

२३ जुलै २०२० रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली आणि ती जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. तिचं वय अंदाजे ६२. आणि निदान १५ वर्षांत तिच्या वाऱ्यालाही नर उभा राहिलेला नव्हता!

ही मूळची घरातली. १९६१ मध्ये तिच्या मालकाने ती संग्रहालयाला देऊन टाकली, तेव्हा ती तीनेक वर्षांची होती. तिचं बारसं कुणी केलं नाही. कागदोपत्री नुसता क्रमांक. ऐंशीच्या दशकात पिंजरे धुताना सापांना बादल्यांत ठेवत. तशाच एखाद्या बादलीत तिची नराशी गाठ पडली असावी आणि त्यातूनच १९९० ची अंडी झाली असावीत, असा तिथल्या लोकांचा तर्क. २००९ ची अंडी जगली नाहीत. २०२० च्या सातांपैकी तीन उबवणी यंत्रात गेली, दोन जनुकीय तपासणीला, दोन वाया. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला याच जातीचा एक साप ४७ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद रॉजर कोनंट यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली होती. विशीत हौसेने घरी आणलेला हा प्राणी मालकाच्या निवृत्तीलाही हजर असू शकतो, तर.

आयुष्य एवढं मोठं, भूक मात्र लहरी. हा साप पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. लांबी तीन ते पाच फूट, बिनविषारी. भ्यायला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो. दिवस उंदरांच्या बिळांत नाहीतर वारुळात काढायचा आणि रात्री बाहेर पडायचं, हा त्याचा शिरस्ता. बेनिनमधल्या विदा गावात या अजगरांचं देऊळच आहे. तिथले साप शिकारीला मोकळे सोडतात आणि कुणाच्या घरात शिरलेच तर लोक त्यांना अदबीने परत आणून पोचवतात. तो जेवला का, ही काळजी तिथे कुणी करत नाही. ती सुरू होते काचेच्या पेटीत.

आपल्याकडे आधी कायदा पाहावा लागतो. रत्नागिरीच्या बागांत आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत सापडणारा आपला अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. तो पाळणं गुन्हा. बॉल पायथन परदेशी असला तरी याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंद बंधनकारक झाली आणि २०२४ च्या नियमांनी ती ‘परिवेश’ पोर्टलवर करायची ठरली. चोरट्या मार्गाने येणारे वेगळेच. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन निघाले होते. असा प्रवास करून आलेला जीव अन्नाला तोंड लावत नसेल, तर त्यात नवल कसलं?

रत्नागिरीत हा साप उपाशी बसला तर संशयाचं पहिलं बोट हवेकडे जातं. ‘इथे थंडी कुठे पडते, मग हीटर कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे. पण पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६ च्या आसपास, असा उतार त्याला लागतो. जानेवारीतल्या रात्री पारा याच्या बराच खाली येतो. दापोलीत तर विचारूच नका. अंगात ऊब नसेल तर गिळलेला उंदीर पचत नाही, पोटात कुजतो आणि उलटून पडतो. म्हणून साप मुळात खातच नाही. यात शहाणा तोच. त्यात वीज! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागातली कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती. नुसत्या विजेच्या गादीवर भिस्त ठेवून कोकणात भागत नाही.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. परदेशी पुस्तिका पेटीत रोज पाणी फवारायला सांगतात. त्या लिहिल्या जातात हीटरने कोरड्या पडलेल्या घरांसाठी. जुलैतल्या रत्नागिरीत तोच सल्ला पाळला तर पेटीला बुरशी येते, पोटाचे खवले सडतात आणि सापाची छाती भरते. नाकपुडीशी बुडबुडे दिसले, तोंड उघडं ठेवून तो श्वास घेऊ लागला, तर अडचण जेवणाची राहिलेली नसते. डॉक्टरची झालेली असते.

बाकीची कारणं किरकोळ, पण नेहमीची. अंग चेपून बसता येईल अशी अंधारी जागा नसणं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्याने त्याला गळ्यात घालून फोटो काढणं. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झालेले असतात, तेव्हा त्याला खायचं नसतंच. विणीच्या हंगामात नर महिनोन् महिने अन्नाकडे पाहत नाहीत आणि अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी सुमारे दोन महिने सहसा उपाशीच असते. उंदीर मेलेला, सापाच्या अंगापेक्षा जाड नसलेला आणि कोमट हवा, कारण ओठांवरच्या खळग्यांनी त्याला ऊब जाणवते. तो रात्री ठेवावा, सकाळी उचलावा आणि पुढचा आठवडाभर पेटीला हात लावू नये. जिवंत उंदीर सोडून कामाला निघून जाणं तर फारच वाईट. भूक नसलेल्या सापाला उंदीरच कुरतडतो.

इतका उपास त्याला झेपतो कसा? अर्कान्सा विद्यापीठात मार्शल मॅक्यू यांनी बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवून पाहिलं. काहींनी शरीराचा खर्च तब्बल ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला आणि एवढं होऊनही त्यांची लांबी वाढली. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवावं आणि आठवड्यातून एकदा वजनकाटा बाहेर काढावा. वजन टिकून असेल तर मोठ्या सापाचा दोन-तीन महिन्यांचा उपासही खपतो. दहावा हिस्सा उतरला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा, मग त्यासाठी पुण्या-मुंबईची गाडी का धरावी लागेना. जबडा उघडून उंदीर आत कोंबायचा प्रयोग घरी करूच नये. आणि समोरचं ताट रोज रिकामं झालेलं पाहिल्याशिवाय ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी सरळ मांजर पाळावं.