शिवडी: मुंबईच्या परसदारातील इतिहास

१/ भूमध्य समुद्राच्या काठावरील गावांची छायाचित्रे आपण सगळेच पाहतो. टेकडीवर एखादा जुना बुरूज, खाली मासेमारांची वस्ती, जुनी दफनभूमी, बंदराचा धक्का. प्रवासी एका दिवसात चार शतके पायी फिरून येतो. निळे पाणी आणि पांढऱ्या भिंती सोडल्या, तर हे सारे मुंबईच्या हार्बर मार्गावरील एका स्थानकाच्या आसपास आजही आहे. त्या गावाचे नाव शिवडी. आजचा धागा त्याच गावाविषयी.

२/ मी शिवडीच्या बीडीडी चाळीत वाढले. जुन्या मुंबईकरांच्या लेखी मात्र शिवडी म्हणजे क्षयरोगाचे रुग्णालय. ‘त्याला शिवडीला नेले’ एवढे वाक्य पुरेसे असे. पुढचे कोणी विचारत नसे. माझ्या आजीचा धाकटा भाऊ गिरणीत कामाला होता. तो तिथेच गेला. आजी अजूनही रुग्णालयाचा उल्लेख ‘तिकडे’ असाच करते. गावाच्या नावाला चिकटलेली ही भीती इतिहासाचाच भाग आहे. पण त्या भीतीखाली जे दडून गेले, तेही पाहायला हवे.

३/ सुरुवात किल्ल्यापासून करू. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. बेट हाती आले, पण समुद्र कंपनीचा नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबई बंदरात आश्रयाला येई. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी उभारायला घेतली आणि पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. मुंबईच्या तोंडाशी दोन सत्ता एकमेकींकडे तोफा रोखून बसल्या. त्याच १६८०मध्ये कंपनीने परळ बेटाच्या पूर्व कडेला, शिवडीच्या टेकडीवर हा छोटा किल्ला बांधला.

४/ असे बुरूज हे त्या काळाचे जागतिक उत्तर होते. माल्टा बेटावर १६५८-५९ या काळात चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी तेरा बुरूज बांधले गेले. एका बुरुजावरून शेजारचा दिसेल असे ठिकाण निवडायचे आणि धोका दिसताच आगीच्या किंवा धुराच्या खुणेने वार्ता पुढे द्यायची, ही त्यामागची योजना. शिवडी, माझगाव, शीव, माहीम ही मुंबईची तशीच साखळी होती. शिवडीचा किल्ला म्हणूनच लहान आहे. त्याचे मुख्य काम लढण्याचे नव्हते, पाहण्याचे होते.

५/ आत शिरताना दरवाजाकडे नीट लक्ष द्या. वाट सरळ आत जात नाही. ती काटकोनात वळते, म्हणजे शत्रूला समोरून धडक देता येऊ नये. रायगडाच्या महादरवाजापाशी गोमुखी रचना पाहिलेल्यांना हा विचार ओळखीचा वाटेल. कंपनीचे बांधकाम आणि मराठी दुर्ग यांची घडण वेगळी, पण हल्ल्याची भीती दोघांनाही सारखेच शहाणपण शिकवते. आत पंचकोनी खोली आहे, कमानदार छताच्या लांब ओवऱ्या आहेत. तटावरून पूर्वेला खाडी आणि पलीकडच्या डोंगररांगा दिसतात.

६/ या किल्ल्याची खरी परीक्षा १६८९मध्ये झाली. मुंबईचा गव्हर्नर जॉन चाइल्ड याने औरंगजेबाशी वैर ओढवून घेतले आणि सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला. त्याचे सैन्य उतरले ते शिवडीला. पाठोपाठ माझगाव गेले, माहीम गेले, इंग्रज फोर्टमध्ये कोंडले गेले. अखेर कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला आणि १६९०च्या जूनमध्ये सिद्दी परत गेला. पुढे अर्ध्या जगावर राज्य करणाऱ्या सत्तेच्या शरणागतीची कहाणी शिवडीच्या किनाऱ्यावर सुरू होते. शाळेत हे मला कोणी शिकवले नाही. किल्ला तर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होता.

७/ समुद्रावरचा धोका सरल्यावर किल्ल्याचे महत्त्व संपले. तिथे कैदी ठेवले गेले, नंतर पोर्ट ट्रस्टचे गोदाम झाले. आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे. शेजारी दर्गा आहे आणि तिथे भाविकांची ये-जा असते. किल्ला मूक झाला तरी टेकडी जागती राहिली, ती या माणसांमुळे.

८/ टेकडीखाली खाडीचा चिखल पसरला आहे. थंडीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत इथे रोहित पक्षी उतरतात. चिखलातील सूक्ष्म शेवाळ हे लहान रोहिताचे मुख्य अन्न. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहूनच निघावे, कारण पूर्ण भरतीत चिखल झाकला जातो. फ्रान्सच्या कामार्गमध्ये मोठे रोहित पाहायला जगभरातून लोक जातात. शिवडीत हा सोहळा तेलाच्या टाक्या, जुनी जहाजे आणि १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू यांच्या साक्षीने चालतो.

९/ आज आपण चालतो ती बरीचशी जमीन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाणी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी हा किनारा भरून काढला आणि ५००हून अधिक एकर जमीन तयार झाली. नकाशावर ही ‘भर’ दिसते. शिवडी कोळीवाड्याच्या दृष्टीने मात्र ती वजाबाकी होती: होड्या लावायची, जाळी सुकवायची जागा गेली. कोळीवाडा पाहायला जाल तेव्हा छायाचित्रासाठी नव्हे, हा हिशेब समजून घेण्यासाठी जा. या गावाचे सर्वांत जुने दस्तऐवज तिथली माणसेच आहेत.

१०/ स्थानकाच्या पश्चिमेला ख्रिस्ती दफनभूमी आहे. एकेकाळी तिथे बाग होती. १८६५मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा दफनभूमीसाठी घेतली. बोरीबंदरचे भव्य स्थानक आणि महापालिकेची इमारत रचणारे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) इथेच विसावले आहेत. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल चळवळीचे नेते आणि मुंबईचे महापौर जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा (मृत्यू १९३०) यांचीही कबर इथे आहे. गोव्याच्या मुक्तिलढ्याचे धुरीण त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा १९५८मध्ये वारले, तेव्हा गोवा परतंत्र होता. त्यांनाही शिवडीनेच जागा दिली. पुढे त्यांचे अवशेष पणजीच्या आझाद मैदानावर नेण्यात आले. साम्राज्याची शोभा उभारणारे आणि साम्राज्याशी झुंजणारे एकाच मातीत निजलेले दुसरे ठिकाण मुंबईत मला ठाऊक नाही.

११/ पुढचे स्थानक कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार आधी कुलाब्याला भरे. १९२०च्या दशकात तो इकडे आला आणि नाव सोबत घेऊन आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवरची प्रवासी गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ती याच मार्गाने. बीडीडी चाळीही त्याच दशकातल्या. गाठी, रूळ, चाळी आणि त्यांत राहणारे गिरणगाव ही एकाच यंत्राची अंगे होती.

१२/ थोडे पश्चिमेला परळचे बारादेवी मंदिर गाठा. १९३१मध्ये परळ-शिवडी रस्त्याच्या कामात एक प्रचंड शिल्प सापडले: साडेतीन मीटरच्या सुमारास उंचीचे, एकातून एक प्रकटणाऱ्या सात शिवमूर्तींचे. अभ्यासक ते सहाव्या शतकातले मानतात. त्याची प्रतिकृती वस्तुसंग्रहालयात आहे, पण मूळ शिल्प पूजेत आहे. रस्ता खणला गेला म्हणून आपल्याला कळले की हे गाव कंपनीहून हजार वर्षांनी जुने आहे.

१३/ या सगळ्या स्थळांना जोडणारे सूत्र मला परसदाराचे वाटते. घराच्या ओटीवर पाहुणे बसतात. राख, लाकडे, आजारपण मागच्या बाजूला जाते. मुंबईनेही आपले मृत, आपले क्षयरोगी, कापसाच्या गाठी आणि तेलाचे साठे शिवडीला पाठवले. दर्शनी भागात गेटवे उभा राहिला, त्याच्या शिल्पकाराची कबर मागे आली. पण घर कसे चालते हे परसदारातूनच कळते, आणि शहराच्या इतिहासालाही तेच लागू आहे.

१४/ आता हे परसदार दर्शनी होऊ पाहत आहे. सेतू आला, बंदराच्या जमिनीच्या नव्या वापराच्या योजना होत आहेत. मुंबईतील २०७ बीडीडी इमारतींपैकी शिवडीच्या १२ पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने इतर चाळींचा पुनर्विकास सुरू झाला तेव्हा मागे राहिल्या. किल्ला वाचेल, कारण त्याला संरक्षणाचा फलक आहे. कोळीवाडा, चाळी आणि चिखल यांना तसा फलक नाही. त्यांचे मोल आधी कोणीतरी नोंदवलेले असेल, तरच उद्या त्यांच्या बाजूने बोलता येईल.

१५/ म्हणून या. ओहोटीच्या सकाळी स्थानकाच्या पूर्वेला किल्ला आणि खाडी, मग कोळीवाडा, दुपारी दफनभूमी, संध्याकाळी बारादेवी. सोबत वही ठेवा. दगडांची छायाचित्रे काढाच, पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ‘इथे आधी पाणी कुठवर येत होते?’ हेही विचारा. उत्तर तारखेसह लिहून ठेवा.