कोरा रकाना

वैशाखी पौर्णिमेला, पाणवठ्यावरील प्राणीगणनेसाठी, मोहोळहून नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता; वनमजुराने हाती दिलेला तक्ता मांडीवर घेऊन मी आडोशात बसलो. अरण्य म्हणजे गर्द झाडी, अशी ज्यांची समजूत, त्यांना हा मुलूख उघडाबोडका वाटेल, आणि सरकारी दफ्तरांतूनही असल्या जमिनीची नोंद पडीक किंवा गायरान अशीच होत आली. वस्तुतः कुसळी, पवना, मारवेल या गवतांनी धरून ठेवलेला हा माळ पुरता नांदता आहे, आणि त्याची साक्ष रात्र अधिक मोकळेपणाने देते.

चंद्र वर आला तशी रातव्याने हाक सुरू केली, फरशीवर पडून टपटपत आखडत जाणाऱ्या गोटीसारखी. एक खोकड आले, घाईने पाणी पिऊन गेले. मध्यरात्र उलटल्यावर मात्र, कोणत्या दिशेने हे मला कळण्यापूर्वीच, पाण्याच्या पलीकडे लांडगा उभा होता. कितीतरी वेळ त्याने नुसता कानोसा घेतला. मग पुढचे पाय किंचित फाकवून तो लपलप पाणी पिऊ लागला, आणि मान उचलली तेव्हा हनुवटीवरून ओघळणारे थेंब चांदण्यात एकेक करून मोजता आले. धनगराच्या लेखी हा कोकरे पळवणारा चोर, आणि त्याची तक्रार खोटी नव्हे. तथापि त्या क्षणी तो मला या माळाचा जुना वतनदारच वाटला.

तक्त्यातला माळढोकाचा रकाना कोरा होता. पावसाळ्यात विणीला येणारा, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी वैशाखातल्या रात्री पाणवठ्यावर यायचा नाही, हे ठाऊक होतेच. त्याच्यासाठी १९७९ साली सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. मोहोळ तालुक्यासह गावेच्या गावे, शेतेही त्याच्या सरहद्दीत आल्याने जमिनीचे व्यवहार अडले, लोकांचा रोष त्या निरपराध पक्ष्यावर वळला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर येथील माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ही चूक मला फार जिव्हारी लागते.

तांबडे फुटताना वनमजूर आला, तक्ता पाहून म्हणाला, "मोकळं ठिवू नगा सायेब, शून्य लिवा."

ऊन वर येईपर्यंत थांबू, एवढेच मी त्याला म्हणालो.