दुर्बिणीचे तास : मुंबईहून अलिबागला धाडलेली पत्रे

पत्र पहिले
कुलाबा, मंगळवार

ती. बाबांस,

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती मुख्यतः बंदरासाठी. भर समुद्रात जहाजाचा रेखांश काढायचा तर घड्याळ बिनचूक हवे, आणि घड्याळ लावून घ्यायचे तर ताऱ्यांच्या वेधांवरून ठरवलेली वेळ हवी. ती वेळ जहाजांना पुरवणे हे या वेधशाळेचे पहिले काम. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे तेव्हा वेधशाळेचा कारभार होता. त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून रुजू झालेला तरुण अलिबागजवळच्या नागावचा. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना.

आकाशाच्या वेधांवर पगार मिळवणारा मराठी माणूस म्हणून त्यांचे नाव अगदी सुरुवातीला घ्यावे लागते. पुढे ते पुण्यात गणित शिकवू लागले, लोकमान्य टिळकांचे गुरू झाले आणि १८६० साली त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके छापली. पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळले पाहिजेत हा त्यांचा आग्रह कुलाब्याच्या त्या वर्षांत तयार झाला असणार. रोज यंत्राशी बसणाऱ्याला न जुळणारा आकडा खपत नाही.

सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या एका प्रचंड उद्रेकाने पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले. जगभरच्या तारायंत्रांत त्याने गोंधळ माजवला. कुलाब्यात नोंदी घेणारे कारकून चुंबकमापक डोळ्याने वाचत, आणि वादळाच्या वेळी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळा वाचने घेतली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याची त्यांची नोंद जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शोधनिबंधात सविस्तर मांडली गेली. त्या वादळाच्या जोराचा अंदाज बांधताना आजही याच वहीचा आधार घेतात. आपल्या नोंदीचे मोल काय, हे ती लिहिणाऱ्या कारकुनांना कधीच कळले नाही.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. ट्रामचा प्रवाह जमिनीतून परततो आणि चुंबकमापकाची सुई हलवतो. संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा अलिबागेत धरली. लोखंड वगळून इमारत बांधली गेली, १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी वाचने घेतली. त्यामुळे कुलाब्याच्या जुन्या मालिकेला अलिबागची नवी मालिका बिनतोड जोडता आली. १९०६ नंतर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. शहर वाढले की यंत्र बाहेर जाते; मुंबईच्या आकाशशास्त्रात हे पुढेही घडत राहिले.

पत्र दुसरे
नेव्ही नगर, गुरुवार

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली निघाली. मुंबईत आधी पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, मग अपोलो बंदरावरचा जुना यॉट क्लब, आणि १९६२ पासून कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठची ही इमारत. आवारात मोठी दुर्बीण नाही. तरीही देशातल्या कितीतरी दुर्बिणींची कामे याच दारातून सुरू झाली.

परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी १९६१ साली भारतातल्या संस्थांना पत्र पाठवले, की आम्ही मिळून परत येऊ इच्छितो. टाटा संस्थेचे संस्थापक होमी भाभांनी ती मंडळी उचलून धरली. त्यांतले गोविंद स्वरूप १९६३ साली रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने दिलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या त्यांनी कल्याणला मांडल्या आणि १९६५ पासून तिथून सूर्य न्याहाळला. कल्याण तेव्हा मुंबईच्या गजबजाटाबाहेर होते. मग उटीची लांबलचक दुर्बीण १९७० साली झाली, आणि पुढे जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहिली. सगळे तिला ‘जीएमआरटी’ म्हणतात.

इथे तबकड्या आहेत ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मधल्या चौकात दाटीने आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर. टोकाटोकांतले अंतर सुमारे २५ किलोमीटर. साऱ्या तबकड्यांचे संकेत एकत्र जुळवले की तेवढ्या मोठ्या एकाच दुर्बिणीइतके बारीक चित्र मिळते.

तबकडी जवळून पाहिली तर पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जाड पोलादी तारेची जाळी, मध्यभागी दहा मिलिमीटरची घरे आणि कडेला वीस मिलिमीटरची, दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. इथे टिपायच्या रेडिओलहरींची लांबी वीस सेंटिमीटरपासून मीटरांत असते, त्यामुळे जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र निघून जातो. वाऱ्याचा रेटा कमी म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च आवाक्यात. एवढी मोठी दुर्बीण भारताच्या पैशात झाली ती या जाळीमुळे, आणि स्वरूप यांच्या साऱ्या कामात ही युक्ती सर्वांत सुंदर आहे.

खोडद निवडले तेव्हा डोंगरांचा आडोसा आणि मोठ्या शहरापासूनचे अंतर पाहिले होते. आज तिथे वाहनाची ठिणगी, वेल्डिंग, मोबाइल या सगळ्यांवर लक्ष ठेवावे लागते. आवारात मोबाइल बंद. ट्रामने कुलाब्यात जे केले तेच फोन तिथे करू पाहतो.

पत्र तिसरे
दादर, शनिवार

जीएमआरटीवर निरीक्षणासाठी वेळ मागता येतो, आणि तो मागायला देशाची अट नाही. वर्षाचे दोन हंगाम आहेत : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्यासाठी जानेवारीत आणि दुसऱ्यासाठी जुलैत प्रस्ताव द्यायचे असतात. प्रस्तावात कोणता स्रोत, कोणत्या लहरपट्ट्यात, किती तास, आणि मुख्य म्हणजे कशासाठी, हे पटवावे लागते. बाहेरचे जाणकार ते तपासतात आणि वेळवाटप समिती निवड करते. मागणी नेहमीच उपलब्ध तासांहून जास्त असते. म्हणून नामवंतांचाही प्रस्ताव परत येतो आणि नवख्याचा मंजूर होतो. एखादा तारा अचानक फुटला तर हंगामाची वाट पाहत बसायचे नसते; तेवढ्यासाठी संचालकांच्या अधिकारातले तास राखून ठेवलेले असतात. मिळालेली माहिती काही काळ मागणाऱ्याकडे राहते, मग सर्वांना खुली होते. त्या जुन्या साठ्यातूनही नवे निबंध निघतात, आणि ज्याच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा तोकडी आहे त्याने हे जरूर लक्षात ठेवावे.

अलीकडे यंत्रणेचा कायापालट झाला आहे. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मिळे, आता ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत मिळतो, आणि १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झ हा पल्ला जवळजवळ सलग पाहता येतो. बातम्याही त्या तोलाच्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापरेली यानाचा क्षीण संदेश खोडदने टिपला. २०२० साली आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला गेला. २०२३ साली स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून विश्वभर घुमणाऱ्या संथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा युरोपीय गटाबरोबर मांडला, त्यातही इथली निरीक्षणे होती.

नोकरीच्या वाटा मुख्यतः तीन. भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने टाटा संस्थेची प्रवेशपरीक्षा किंवा जेस्ट ही संयुक्त चाळणी परीक्षा द्यायची आणि डॉक्टरेटसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात किंवा कुलाब्याच्या खगोल विभागात जायचे. डॉक्टरेट झालेल्यांसाठी ठरावीक मुदतीच्या संशोधक जागा निघतात. तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी आणि संगणकाच्या अभियंत्यांची. दुर्बीण जेवढी खगोलशास्त्रज्ञांची तेवढीच त्यांची, आणि ती चालती ठेवण्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळत नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन कार्यक्रम आणि हिवाळी शाळा आहेत.

पुढच्या कामाचा पसाराही मोठा आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बिणीत भारत सामील झाला असून सरकारने त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. तिच्या नियंत्रणप्रणालीचे काम भारतीय गटांकडे आहे आणि जीएमआरटीचा अनुभव तिथे थेट कामी येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करायला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च सुमारे २६०० कोटी. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू असलेल्या त्या यंत्राला लेसर, निर्वात तंत्र, संगणक सगळ्यांची माणसे लागतील. कुलाब्याच्या संस्थेने उपकरणे दिलेला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटला. क्ष-किरणांत आकाश पाहू इच्छिणाऱ्यांना त्याचीही माहिती मिळते.

वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून दादर-परळ-गिरगावच्या मुलांना आकाशाची गोडी लावत आले आहे. तिथून घरी परतणाऱ्या मुलाला हा छंद आहे असे सांगतात. ही नोकरी आहे, तिला परीक्षा आहे, तारखा आहेत, हे फार थोडी महाविद्यालये सांगतात. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षीच हे कळले तर दिशा वेळेवर ठरते, कारण प्रवेशपरीक्षेसाठी गणित आणि विद्युतचुंबकत्व पक्के असावे लागते आणि शेवटच्या वर्षी ते घाईने होत नाही. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदचे दार सर्वांना उघडे असते. दादरहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर आणि आळेफाटा करत नारायणगावला जाता येते.