पुगा : थंड वाळवंटातली उकळती जमीन

वज्रेश्वरीच्या किंवा तुरळच्या कुंडात ज्यांनी पाय बुडवले आहेत, त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांचे नवल नाही. परंतु चहूकडे उजाड डोंगर, पाऊस नावापुरता, अंगाला झोंबणारा वारा आणि पायाशी मात्र खदखदणारे पाणी पाहायचे असेल, तर लडाखमधल्या पुगा खोऱ्यातच जायला हवे.

लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे असा रस्ता आहे. पुढे सुमदोला एक वाट त्सो मोरिरी सरोवराकडे वळते, दुसरी पुग्याला. अंतर सुमारे १८० किलोमीटर, उंची सुमारे ४,४०० मीटर. एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, आणि इथल्या काही झऱ्यांचे तापमान ८४ अंशांपर्यंत भरले आहे. जमिनीवर टाकणखार आणि गंधकाचे थर दिसतात.

वर वाफ दिसते, पण खाली उष्णता किती? त्यासाठी वैद्याने नाडी पाहावी तशी जमिनीची तपासणी करतात. कोरडा खडक विजेला अडवतो, तर क्षारयुक्त गरम पाणी तिला वाट देते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युत-चुंबकीय लहरी मोजल्या, तेव्हा सुमारे दोन किलोमीटर खोलीवर वीज सहज वाहू देणारा भाग आढळला. उष्णतेचा मोठा साठा तिथे असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने ३४ विंधनविहिरी खणल्या होत्या. परंतु त्यांतली सर्वांत खोल विहीरही ३८५ मीटरचीच होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय विकास परिषद यांच्यात एक मेगावॉटच्या प्रायोगिक वीजप्रकल्पाचा करार झाला. ऊन नसताना आणि वारा पडला असतानाही मिळणारी वीज या दुर्गम भागाला मोलाचीच. पण ऑगस्ट २०२२ मध्ये खोदकाम चालू असताना भूगर्भातले पाणी जोराने उसळून पुगा ओढ्यात मिसळले आणि काम थांबवावे लागले. पश्मिना शेळ्या पाळणाऱ्या चांगपा लोकांची कुरणे अशा ओढ्यांच्या ओलीवरच टिकतात. भूगर्भातला साठा उपकरणांनी शोधता येतो. वरचा ओढा मात्र माणसांनीच सांभाळायचा असतो.

जाणाऱ्यांनी आधी लेहला दोन दिवस विश्रांती घ्यावी. पुग्यात झऱ्यांजवळची जमीन पाहूनच पाऊल टाकावे आणि मुलांचा हात सोडू नये.