ओलं फडकं

गाडी घेतली तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड बोललं नाही. साठाव्या वर्षी कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसानं पीएफच्या पैशातून चाळीस वर्षांची फियाट घ्यावी, हे कुणाला पटण्यासारखं नव्हतंच. थोरला म्हणाला, "पप्पा, एवढ्यात थोडी भर घातली असती तर एसीवाली वॅगनार आली असती." सूनबाई खाली पार्किंगमध्ये उतरली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि न बोलता वर गेली. बायको तेवढं म्हणाली, "आणा. आणि पुसत बसा."

फियाट म्हणायचं ते सवयीनं. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ ची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० या नावानं ही गाडी बनायची. सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली, पण लोकांच्या तोंडून फियाट हे नाव काही गेलं नाही. मी सौदा केला त्याच महिन्यात, ३० ऑक्टोबर २०२३ ला, मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा कारभार आटोपला. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ मध्ये नोंदवलेली, तिची वीस वर्षं भरली. पेपरात लोक त्या टॅक्सीला हार घालताना फोटो आले होते. तो पेपर मी बायकोच्या हाती लागू दिला नाही.

गाडी सदाशिव पेठेतल्या एका आजोबांची. वाडा पाडून इमारत झाली, त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कापड पांघरून उभी होती. आजोबांनी चावी देण्याआधी अर्धा तास माझी तोंडी परीक्षा घेतली. चोक किती वेळ ओढायचा, थंडीत किती, उन्हाळ्यात किती. शेवटी म्हणाले, "गाडीचे पैसे घेतलेत, सल्ल्याचे घेतलेले नाहीत. म्हणून सल्ला विसराल. विसरू नका."

मी दहा मिनिटांत विसरलो.

टिळक रोडला लागलो नि कळलं, की वीस वर्षं मी जे चालवत होतो त्याला चालवणं म्हणायचं की नाही याचाच विचार करावा लागेल. गिअर बदलायची वेळ आली की डावा हात आपोआप दोन सीटांच्या मध्ये खाली जायचा. तिथं काहीच नाही. एसटीच्या बाकड्यासारखी सलग सीट. गिअरचा दांडा वर, स्टिअरिंगच्या बगलेला. तो मुठीत धरून वरखाली, मागं-पुढं करत चार घरं शोधायची. पहिल्या दिवशी मला दोनच सापडली. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं उभी गाडी वळवायची म्हणजे उसाची मोळी उचलल्यासारखी खांद्यात रग लागते. गाडी जरा चालती असली की मात्र हलकी. चारही चाकांना ड्रमब्रेक. पाय ठेवला की ती आधी ऐकते, मग ठरवते, मग थांबते. आणि पुण्यातला दुचाकीवाला असा, की तुमच्या गाडीपुढं चार हात जागा दिसली की ती आपल्यासाठीच सोडली आहे असं तो धरून चालतो. एस. पी. कॉलेजच्या चौकापर्यंत माझा सदरा पाठीला चिकटला.

स्वारगेटला जेधे चौकात सिग्नलला ती बंद पडली. मागं पीएमपीची बस. बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मी स्टार्टर मारतोय, इंजिन घुं घुं करतंय आणि घाबरून मी चोक ओढला. गरम इंजिनला चोक. पेट्रोलचा वास गाडीत भरला. वाहतूक पोलीस तावातावानं आला, खिडकीशी वाकला, आत बघितलं नि त्याचा आवाजच उतरला. "चोक आत ढकला काका. अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा नि मारा सेल्फ. माझ्या मामाकडं होती." गाडी चालू झाली. त्यानं बसवाल्याला हात दाखवून थांबवलं आणि मला वाट करून दिली. पुढं शंकरशेठ रोड, गोळीबार मैदान, रेसकोर्स, हडपसर. रामटेकडीच्या आसपास तिसरं घर सापडलं, घराच्या गल्लीत चौथं. पण गल्लीत त्याचा उपयोग काय!

त्या रात्री हाताला येणारा पेट्रोल नि रेक्झिनचा वास साबणानं गेला नाही. खरं सांगायचं तर मी नीट धुतलाही नाही. तो दादांच्या सदऱ्याचा वास होता.

दादा म्हणजे माझे वडील. सासवडच्या पुढं आमचं गाव. दोन एकर कोरडवाहू, त्यात बाजरी आली तर आली. तालुक्याच्या ठिकाणी एक डॉक्टर होते, त्यांच्या फियाटवर दादा नऊ वर्षं ड्रायव्हर होते. रोज पहाटे सायकलवर जायचे. सुट्टीत मीही कधी पुढं नळीवर बसून जायचो. गाडी पुसून झाली की ते विहिरीवरून पाण्याचा पत्र्याचा डबा भरून आणायचे, झाकणाला कापड गुंडाळून डिकीत एका कडेला गच्च बसवायचे. मला वाटायचं डॉक्टरांना प्यायला. गाडीत मात्र मी नऊ वर्षांत एकदाही बसलो नाही. दादांनी कधी बस म्हटलं नाही नि मीही विचारलं नाही.

१९७९ च्या मे महिन्यात ती नोकरी गेली. डॉक्टरांच्या मुलीला बघायला पुण्याहून पाहुणे यायचे होते. दादा त्यांना आणायला गेले. भर दुपारी, दिवे घाट चढताना गाडीनं मान टाकली. मुलगा, त्याचे आईवडील नि एक मामा असे चौघं तासभर घाटात उन्हात उभे. डॉक्टर स्वतः पुढं बसलेले. शेवटी पाहुणे एका मालट्रकला हात करून, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून सासवडला पोचले. सोयरीक जमली नाही. ती का जमली नाही देव जाणे, पण खापर फुटलं ते गाडीवर आणि गाडीचं दादांवर. निगा ठेवत नाही, रेडिएटरात पाणीसुद्धा बघत नाही, असं डॉक्टर चारचौघांत बोलले. पुढल्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर आला.

मी त्याच साली दहावी झालेलो. मार्क चांगले होते. डॉक्टरांनी मला पुण्यात कॉलेजला ठेवायचं कबूल केलं होतं. ते बोलणं नोकरीबरोबर गेलं. मी औंधच्या आयटीआयला टर्नरला लागलो. आणि एका दिवाळीला घरी आलो असताना, कशावरून तरी वाद झाला नि मी दादांना म्हणालो, "रेडिएटरात पाणी बघितलं असतं, तर आज मी इंजिनियर झालो असतो."

दादा कडब्याची पेंढी सोडत होते. "असंल," म्हणाले.

हा विषय त्यानंतर घरात कधी निघाला नाही. मी हडपसरच्या कारखान्यात चिकटलो, घर केलं, पोरं शिकवली. थोरला इंजिनियर आहे. तरी ते "असंल" काही केल्या जात नव्हतं, आणि गाडी घेताना त्याचा काही संबंध आहे हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

पहिले सहा महिने मी गाडी शिकत होतो. नाना पेठेतल्या दुकानदारांनी "पद्मिनी?" म्हणून आधी वर बघितलं, मग माळ्यावर चढले. जे माळ्यावर नव्हतं ते रविवारच्या जुन्या बाजारात मिळालं: खिडकीच्या तिकोनी काचेची कडी, दाराचं एक हँडल. मेकॅनिकनं पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलायला लावल्या. म्हणाला, "आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर फुगतं त्यानं." म्हणजे आमच्याकडच्या उसाचीच ही करामत. आरटीओत पुनर्नोंदणीची फी कारला पूर्वी ६०० होती, ती २०२२ मध्ये ५,००० झाली होती. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद व्हायला गाडीला पन्नास वर्षं भरावी लागतात. माझी चाळिशीची, नव्यात धरत नाहीत नि जुन्यात बसत नाही.

पण चालवायला जमू लागली. म्हणजे काय झालं, तर मी ऐकायला लागलो. नव्या गाडीत काच वर, गाणी चालू. हिच्यात रेडिओ लावावासाच वाटत नाही. दुसऱ्या गिअरात इंजिन कुठल्या सुरात गेलं की तिसरा मागते, उतारावर ब्रेक किती आधी धरायचा, क्लच कुठं पकडतो, हे सगळं कानानं नि तळपायानं. कोरेगाव पार्कातल्या सिग्नलला एकदा शेजारच्या मोठ्या गाडीतला पोरगा काच खाली करून म्हणाला, "अंकल, विकायची का?" मी म्हणालो, "आधी चालवायला तर येऊ दे."

मे महिन्यात दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले होते. शहाऐंशी वय. गाडी घेतल्याचं त्यांना फोनवर सांगितलं होतं तेव्हा, "कोणती? फियाट? बरं," एवढंच बोलले होते. खाली नेऊन दाखवली तर काळा चष्मा तसाच ठेवून त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला नि विचारलं, "टायमिंग कोण बघतं?"

पंधरा दिवसांनी गावी सोडायला निघालो. सकाळीच निघायचं ठरलेलं, पण डोळ्यांचे थेंब, नातवंडांचं आवरणं, यात अकरा वाजले. सूनबाईनं पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. मी मागलं दार उघडलं. पाय लांब करून बसतील म्हणून. ते वळसा घालून पुढं येऊन बसले. "मागं मला जमत न्हाई."

गाडीतळापासून सासवड रस्त्याला लागायला अर्धा तास गेला. दादा काही बोलत नव्हते, पण त्यांचा उजवा पाय बोलत होता. पुढं रिक्षा आडवी आली की माझ्याआधी त्यांचा पाय फरशीवर दाबायचा. मी गिअर टाकायला जरा उशीर केला की त्यांचा डावा हात मांडीवर मूठ करून वर जायचा. फुरसुंगीच्या फाट्याला मी न राहवून विचारलं, "बरोबर चालवतोय ना?"

"चालवतोस की. पण लई भांडतोस तिच्यासंग."

वडकी मागं टाकली, घाट लागला. पुढं वाळूचे दोन डंपर, रेंगाळत. ओव्हरटेकला जागा नाही. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला नि इंजिननं एक आचका दिला. मग दुसरा. मी अॅक्सिलेटर दाबला तर उलट ताकद गेली. कशीबशी कडेला घेतली आणि ती बंद पडली.

मी आधी काटा बघितला. तापलेली, पण उकळलेली नाही. उतरून बॉनेट उघडलं. रेडिएटरला खालून थेंब नाही, वाफ नाही. पाणी मी सकाळीच बघितलं होतं, काठोकाठ होतं. स्टार्टर मारला, फिरतो पण पकडत नाही. पेट्रोल तर आदल्या दिवशी भरलेलं.

"पाणी आहे दादा. बघितलंय मी सकाळी." हे मी का बोललो असेन?

दादा दाराला धरून उतरले. काळा चष्मा कपाळावर सरकवला. इंजिनात वाकले, बोट नुसतं पेट्रोलच्या पंपाजवळ नेलं नि मागं घेतलं. "पाण्याचं काय न्हाई हे. पंप तापलाय. पेट्रोलची वाफ झाली आत, वाफ काय पंपाला ओढत न्हाई. चढाला रांगत आली की दुपारचं व्हतं असं. फडकं हाय का?"

सीटखालचं पिवळं फडकं काढलं. त्यांनी बाटली मागितली, फडकं चिंब भिजवलं, घडी करून पंपाभोवती आणि नळीवर नीट बसवलं, गळ्याच्या दुखण्यावर पट्टी ठेवावी तसं. "वीस मिन्टं. हात लावू नकोस."

आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. दोन पोरं मोटारसायकल थांबवून गाडीसोबत फोटो काढून गेली. मी बराच वेळ शब्द जुळवत होतो.

"दादा, त्या वेळी... डॉक्टरांच्या पाहुण्यांच्या वेळी. हेच झालं होतं?"

"हेच की."

"मग फडकं का नाही टाकलं? डबा असायचा ना डिकीत."

"व्हता. भरून घेतलेला." ते तळ्याकडं बघत होते. "पावण्यांस्नी तहान लागली. डॉक्टर म्हनले, डबा काढ, पानी दे. बाईमाणसानं तोंडबी धुतलं. ऱ्हायलं न्हाई."

"तुम्ही सांगायचं ना, की पाणी गाडीला लागतंय."

"पावणं पानी पीत असताना? आरं, त्यांच्यात जेवायची पोरगी जानार होती."

पुढं मला काही विचारता आलं नाही. दिवाळीचं ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं, त्याची माफी मागायची म्हणून. पण माफी मागायची तर ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागणार होतं. एक एसटी घरघरत वर गेली. दादांनी उरलेल्या पाण्यातलं अर्धं पुन्हा फडक्यावर ओतलं आणि बाटली माझ्यापुढं धरली.

"तू पी. दुसरी हाय अजून गाडीत."

वीस मिनिटांनी ते म्हणाले, "मार आता. चोक नको." तिसऱ्या खेपेला इंजिननं पकडलं. मी ते सुरूच ठेवून बॉनेट लावायला उतरलो, तोवर दादांनी फडकं काढून पिळलं होतं. घडी घातली, सीटखाली सारलं आणि पुढं बसले.

"दुसऱ्यावरच ऱ्हाऊ दे वरपतुर," म्हणाले. "घाई करू नको."