ठोक्याआधीच्या तीन फ्रेम

जपानी ॲनिमेतील दृश्ये निवडून ती आवडत्या गाण्यावर बसवण्याच्या छंदाला जाणकारांत ‘एएमव्ही’ म्हणजे ॲनिमे म्युझिक व्हिडिओ म्हणतात. त्याचा पहिला ज्ञात नमुना १९८२ साली अमेरिकेत जिम कापोस्टाझ यांनी दोन व्हीसीआर जोडून तयार केला. तेव्हापासून साधने पार बदलली, तरी दृश्य नेमके कुठे कापले म्हणजे ते ठोक्यावर पडल्यासारखे वाटेल, हा प्रश्न अजून तसाच उभा आहे. ठोका पडतो तिथेच कट द्यावा, हे उत्तर सरळ दिसते. पण ज्यांनी हे काम जीव ओतून केले आहे त्यांना ठाऊक असते की ठोक्यावर काटेकोर दिलेला कट पडद्यावर बहुतेक वेळा मागे राहिल्यासारखा भासतो.

याचे एक कारण माणसाच्या डोळ्याकानांत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की तफावत जाणवू लागते, उलट तो चित्रामागून आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ती लक्षात येत नाही. प्रकाश आवाजाच्या आधी पोचतो, दूरवरचा घाव आधी दिसतो आणि मग ऐकू येतो, या जन्मभराच्या सवयीशी हे जुळणारे आहे. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चालतो, म्हणजे एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची. चित्र एक फ्रेम मागे पडले तरी ते खटकण्याच्या सीमेवर येते आणि तीन फ्रेम पुढे असले तरी खपून जाते. या तीन फ्रेमच्या जागेतच सगळी कारागिरी आहे.

दुसरे कारण ॲनिमेच्या घडणीत आहे. १९६३ साली ओसामू तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला येऊ लागली, तेव्हा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी एकच चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे फ्रेम २४ असल्या तरी वेगळी चित्रे सेकंदाला अनेकदा आठच असतात. आता मिनिटाला १०० ठोक्यांचे गाणे घेतले, तर दोन ठोक्यांत १४.४ फ्रेमचे अंतर पडते आणि कट १४, १५, १४, १५, १४ असे द्यावे लागतात, तेव्हा कुठे पाचव्या ठोक्याला हिशेब ७२ फ्रेमवर पूर्ण होतो. परंतु एकाच शॉटमध्ये तलवारीचे दोन घाव १८ फ्रेमच्या अंतराने असतील, तर पहिला ठोक्यावर बसवला की दुसरा हमखास घसरतो. अशा वेळी दोन घावांच्या मधली, तीन फ्रेम धरलेली काही चित्रे शोधून प्रत्येकातून एकेक फ्रेम काढून घ्यावी लागते. तीनऐवजी दोन फ्रेम दिसलेले चित्र कोणाच्या नजरेत येत नाही, मात्र घाव जागेवर येतो.

हे सारे प्रस्तुत लेखकाला आकड्यांतून माहीत होते. अलीकडे त्याच्याकडे शिकायला येऊ लागलेल्या, सोलापुरातल्या गणेशोत्सवात लेझीम खेळणाऱ्या एका मुलामुळे त्या आकड्यांना वेगळाच अर्थ आला. त्या मुलाचे कट सगळे आधी पडत आणि तरीही घट्ट बसत. कारण विचारल्यावर तो म्हणाला, “वाजायच्या आधी हात निघतोय की, दादा.” लेझमीची साखळी ओढून परत मिटते तेव्हा चकत्यांचा आवाज होतो, पण अंग त्याच्या बरेच आधी वळू लागलेले असते, हलगीवर टिपरू पडण्याआधी मनगट उचललेले असते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक हलग्यांच्या कडकडाटात जाते, तेव्हा पाहणाऱ्याला ठोका आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. म्हणून ठोका कटाला द्यायचा नसतो, हालचालीला द्यायचा असतो: जिथे हात निघतो तिथे कट आणि जिथे तो आदळतो तिथे ठोका. या दोहोंमधले अंतर प्रत्येक दृश्यात निराळे असल्यामुळे त्याचा तक्ता करता येत नाही.

हलगीचा आवाज क्षणात चढतो, म्हणून तिथे निदान ठोका सापडतो. खरी कसोटी तंतुवाद्यांवर लागते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ या चित्रपटासाठी (२०१६) अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला केले; त्यातल्या ‘याड लागलं’ या गाण्यामधले ते स्वर हळूहळू फुलत जातात, त्यांचा आरंभ एका फ्रेमवर बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’सारख्या ठोक्याच्या गाण्याचे गणित तिथे कुचकामी ठरते. अशा जागी कट देण्याऐवजी शॉट लांबवून, पात्राने मान वळवायला सुरुवात केली की सूर उमलू देणे, एवढेच हाती उरते. आणि ते साधले आहे की नाही, हे पुन्हा पुन्हा पाहूनही ठरत नाही.

आजकाल मोबाइलवरची ॲप्स ठोके स्वतःच शोधून टाइमलाइनवर खुणा करतात आणि नवे संकलक प्रत्येक खुणेवर पडदा हादरवून किंवा प्रकाश चमकवून मोकळे होतात. हा ऱ्हास आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे. हादरा ही चुकलेल्या जागेवर घातलेली पट्टी असते, आणि अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांची सवय लागलेल्यांना संपूर्ण गाण्यात कुठला ठोका मुद्दाम मोकळा सोडायचा, हे सुचतच नाही. हिंदी-मराठी चित्रपटगीतांत गाणे आधी मुद्रित होऊन चित्रीकरण त्यावर होते. एएमव्हीमध्ये मात्र दुसऱ्याच हेतूने काढलेले चित्र परक्या गाण्याला आपले वाटायला लावायचे असते, आणि ते काम यंत्राच्या खुणांनी होत नाही.

तरीही या आग्रहामागे निव्वळ कलानिष्ठा आहे, असा दावा प्रस्तुत लेखक करणार नाही. कट जाणवू नये म्हणून तो फ्रेम-फ्रेम झिजतो खरा, परंतु बघणाऱ्यांपैकी एखाद्या जाणत्या संकलकाने व्हिडिओ थांबवावा, एकेक फ्रेम मागे नेऊन मोजावी आणि चोरलेली फ्रेम पकडावी, ही इच्छा त्याच्या मनात कायम असते. सामान्य प्रेक्षकाच्या टाळीपेक्षा त्या एका जाणत्याची दाद त्याला जास्त हवी असते; आणि आता, ज्याला फ्रेम मोजाव्याच लागत नाहीत अशा त्या लेझीमवाल्या मुलाकडूनच ती मिळावी असे त्याला वाटू लागले आहे.